एक जूनला जन्मलेली माणसे

कोकणातल्या आपल्या कोणत्याही गावात जा आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसांचे शाळा सोडल्याचे दाखले काढून पाहा. त्यांतल्या पुष्कळांचा जन्म एक जूनचा निघेल. कारण साधे आहे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. बाप, चाचा किंवा मामू मुलाला हाताला धरून आणायचा. जन्मतारीख विचारली की म्हणायचा, 'लिहा तुम्हीच काय ती.' गुरुजी मुलाच्या अंगापिंडाकडे पाहून साल ठरवायचे आणि पुढे एक जून टाकून मोकळे व्हायचे. त्याच तारखेवर पुढे त्या मुलाचा पासपोर्ट निघाला, नोकरी लागली, पेन्शन ठरली. ज्यांनी ही तारीख लिहिली ते माझ्याच पेशातले, म्हणून मी त्यांना नावे ठेवणार नाही. पण आपल्या आयांच्या, आज्यांच्या वाट्याला ही खोटी तारीखही आली नाही. त्या शाळेतच गेल्या नव्हत्या.

मी रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यात, उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. बी.एड.ला असताना इतिहासाच्या अध्यापनपद्धतीत 'स्थानिक इतिहास' नावाचा एक मुद्दा होता. परीक्षेत तो पाच गुणांना यायचा आणि परीक्षेनंतर कोणी त्याचे नाव काढायचे नाही. सातवीच्या वर्गाला इतिहास शिकवू लागले तेव्हा मला तो आठवला. मुलांना सांगितले, घरातल्या किंवा शेजारच्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला तीन प्रश्न विचारून या. जन्म केव्हाचा, निकाह केव्हा झाला, आणि घरातले पुरुष कोठे कामाला होते. तारखा येणार नाहीत हे मला ठाऊक होतेच. 'मना काय ठाव?' हे उत्तर जवळजवळ प्रत्येक वहीत होते. पण त्याच्या पुढे जे आले ते वाचून मी थक्क झाले.

एकीचा जन्म 'मुंबईच्या डॉकमध्ये स्फोट झाला त्या साली'. दुसरी 'रामदास बोट बुडाली तेव्हा पाळण्यात'. तिसरीचा निकाह 'कूळकायदा आला त्याच्या आदल्या वर्षी'. चौथीचा मुलगा 'कोयनेच्या भूकंपाच्या रात्री झाला'. या सगळ्यांना मी पुस्तकातल्या तारखा लावून पाहिल्या. व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला तो १४ एप्रिल १९४४ रोजी. रेवसकडे निघालेली रामदास बोट बुडाली ती १७ जुलै १९४७ रोजी. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता, आणि सहाशेहून अधिक माणसे एका सकाळी गेली. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. कूळकायद्याचे 'आले' म्हणजे १ एप्रिल १९५७, ज्या दिवशी कसणारा कूळ जमिनीचा मालक मानला गेला तो दिवस. म्हातारीला साल सांगता येत नव्हते, पण तिचे पंचांग चुकत नव्हते.

या पंचांगाकडे नीट पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. त्यात गादीवर बसलेले राजे नाहीत, निवडणुका जवळजवळ नाहीत. त्यात बोटी आहेत, गोदी आहे, जमीन आहे. घरातला पुरुष जिथे होता आणि घरातली बाई जिथे राबत होती, तेवढ्या दोनच जागांचा तो इतिहास आहे. आपल्या समाजात समुद्रावर गेलेल्या पुरुषांविषयी थोडेफार बोलले जाते, लिहिलेही जाते. मागे राहिलेल्या बायकांविषयी काहीच नाही. माझ्या मते कोकणी मुसलमानांच्या शंभर वर्षांच्या इतिहासाचा निम्म्याहून मोठा भाग त्या मागे राहिलेल्या घरांमध्ये घडला आहे, आणि तो माहीत असलेली शेवटची पिढी आता जाते आहे.

आधी पुरुषांविषयी. दाभोळ हे बहामनी आणि आदिलशाही काळातले मोठे बंदर. हजला जाणारी गलबते तेथून सुटत. म्हणजे समुद्र आपल्याला नवा नव्हता. पण आपल्या आजोबा-पणजोबांची पिढी ज्या समुद्रावर गेली तो इंग्रज कंपन्यांचा होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आगबोटी वाढल्या आणि मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांना माणसे लागू लागली. त्या कंपन्यांनी कामाची वाटणी मुलखांवरून केली होती. पी. अँड ओ. कंपनीच्या जहाजांवर डेकवर रत्नागिरी जिल्ह्यातले मुसलमान, खाली इंजिनाच्या भट्टीशी पंजाबी आणि पठाण, वर सलूनमध्ये वाढायला गोव्याचे ख्रिश्चन, अशी ती रीत होती. डेकवर सर्वांत वर सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, मग सुकाणी, सामानाचा आणि दिव्यांचा हिशेब ठेवणारा कासब, आणि शेवटी साधा खलाशी. स्वयंपाकाला भंडारी, झाडलोटीला टोपास. या हुद्द्यांची नावे आपल्याकडे आजही घरांना चिकटलेली आहेत. 'सारंगाचे घर' विचारले तर लहान पोरही बोट दाखवते.

सारंग आपल्याच गावची, आपल्याच नात्याची पोरे भरती करायचा. यात जसा आधार होता तशी गळचेपीही होती. जहाज मिळवून देण्यासाठी दस्तुरी घेतली जायची. १९३१ साली रॉयल कमिशन ऑन लेबरच्या अहवालात या भरतीतल्या लाचलुचपतीवर कोरडे ओढलेले आहेत. म्हाताऱ्यांना अहवाल माहीत नव्हता, पण पहिल्या पगारातले किती कोणाला द्यावे लागले हे त्यांना शेवटपर्यंत पाठ होते. आणि तो पगार तरी केवढा? दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्याच जहाजावरच्या गोऱ्या खलाशाच्या साधारण चौथाईइतका. १९३९ च्या शरदात इंग्लंडच्या बंदरांमध्ये हिंदी खलाशांनी काम बंद केले. काही जणांना तुरुंगात जावे लागले, पण पगार वाढवून मिळाला. स्वातंत्र्यलढ्याच्या धड्यात हा संप मी कोठे पाहिलेला नाही.

मुंबईत उतरल्यावर हे लोक गावच्या जमातीच्या खोलीवर राहायचे. डोंगरी, नागपाडा, माझगाव या भागांत एकेका गावाची अशी खोली असायची. पेट्या भिंतीला लावलेल्या, झोपायला पाळ्या. जहाज लागेपर्यंत दिवस काढायचे. गावाला यायचे तर किनाऱ्याची बोट. हर्णे किंवा दाभोळला ती खोल पाण्यात उभी राहायची आणि पडावातून माणसे काठाला आणली जायची. पावसाळ्यात तीही बंद. म्हणून जूनच्या आधी जो आला नाही तो सप्टेंबरपर्यंत येत नाही, हे बायकांनी गृहीत धरलेले असायचे.

आता मूळ गोष्टीकडे येते. युद्धात काय झाले? त्या काळी ब्रिटिश व्यापारी जहाजांवर दर चार खलाशांमागे जवळपास एक हिंदी होता. पाणबुड्यांनी जहाजे बुडवली तेव्हा तेही बुडाले. मुंबईहून मोंबासा-दरबानच्या वाटेवर निघालेले 'तिलावा' जहाज २३ नोव्हेंबर १९४२ रोजी जपानी पाणबुडीने बुडवले. २८० माणसे गेली. वाचलेल्यांपैकी बहुतेकांना घेऊन 'बर्मिंगहॅम' ही युद्धनौका २७ तारखेला मुंबईला पोहोचली. अशी कितीतरी जहाजे. मुंबईत मस्जिद स्टेशनजवळ खलाशांसाठी बांधलेले इंडियन सेलर्स होम आहे. पहिल्या महायुद्धात समुद्रातच राहिलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचे स्मारक तेथे आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या सहा हजारांहून अधिक नावांचे बांधीव पुस्तक हेच त्यांचे स्मारक. दगड नाही, कबर नाही. इंग्रजी कानाला जसे ऐकू आले तसे लिहिलेले नाव, बापाचे नाव, एवढेच. आडनाव बहुधा गळालेले, कारण सारंगाच्या यादीत ते नव्हतेच. आपल्या घरातला माणूस त्या पुस्तकात शोधायचा तर आधी इंग्रजाच्या कानाने आपले नाव ऐकायला शिकावे लागते.

पण हे पुस्तक मुंबईत. गावात काय पोहोचले? एक तार, किंवा कंपनीचे पत्र. त्यात 'मयत' असे क्वचितच असायचे. 'बेपत्ता, बुडाल्याचे मानले जाते' अशा अर्थाचे काहीतरी. आता विचार करा, ज्या घरात मय्यत नाही तेथे काय करायचे? गुस्ल कोणाला द्यायचा? कफन कोणासाठी शिवायचे? इद्दतचे चार महिने दहा दिवस कोणत्या दिवसापासून मोजायचे?

येथे आपल्या कोकणाची एक वेगळी गोष्ट सांगितली पाहिजे. देशावरचे, मराठवाड्यातले आपले बांधव बहुतेक हनफी. आपण कोकणी शाफई. हनफी मसलकात समोर मय्यत नसताना जनाजाची नमाज नाही. शाफई मसलकात गायबाना नमाज आहे. हबशाचा बादशहा नज्जाशी दूर त्याच्या मुलखात वारला तेव्हा हुजूर (स.) यांनी मदिन्यात त्याच्यासाठी नमाज पढली, त्याचा आधार दिला जातो. समुद्रावर जगणाऱ्या समाजाला याहून मोठी सोय दुसरी नव्हती, असे मला वाटते. जुम्माच्या नमाजनंतर इमामसाहेब उभे राहायचे, नाव घ्यायचे, सफा बांधल्या जायच्या, आणि समोर काहीच नसताना चार तकबीर व्हायच्या. एका मुलीने वहीत आपल्या पणजीचे सांगणे लिहून आणले होते: मशिदीतून पुरुष परत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहून कळले की आता रडायचे आहे.

पण ज्यांनी नमाज पढू दिली नाही अशाही बायका होत्या. 'तो येईल. नमाज पढलात तर मी त्याला काय तोंड दाखवू?' अशा बाईला गावाने वेडी म्हटले नाही, हे गावाचे मोठेपण. तिच्या बांगड्यांना कोणी हात लावला नाही. ती वीस-वीस वर्षे सवाष्णीसारखी राहिली. लग्नाकार्यात तिला कोठे बसवायचे हा प्रश्न यायचा आणि तिच्या वयाच्या बायकाच तो गुपचूप सोडवायच्या.

कायद्याने तिच्यासाठी काय केले होते? योगायोग असा की युद्ध सुरू होण्याच्या काही महिने आधी, मार्च १९३९ मध्ये, मुस्लिम विवाहविच्छेद कायदा आला होता. चार वर्षे नवऱ्याचा ठावठिकाणा नसेल तर बायकोला निकाहातून मोकळे होता येईल, असे त्यात स्पष्ट आहे. कोर्टाचा हुकूम झाल्यावर आणखी सहा महिने थांबायचे. तेवढ्यात तो परतला तर हुकूम रद्द. चांगला, शहाणपणाचा कायदा. आलिमांनी मागितलेला, कारण हनफी मताप्रमाणे अशा बाईला जवळजवळ जन्मभर बसावे लागत होते. पुरावा कायद्याप्रमाणे सात वर्षे ज्याची खबर नाही तो मेला असे मानता येत होते. म्हणजे निकाहाला चार वर्षे, मालमत्तेला सात. पण खाडीकाठच्या बाईला कोर्ट म्हणजे एक दिवसाची पायपीट, वकिलाची फी, आणि परक्या पुरुषासमोर उभे राहून 'माझा नवरा नाही' असे म्हणणे. आमच्या गावातून या कायद्याने कोणी गेल्याचे मला एकाही म्हातारीकडून ऐकायला मिळाले नाही.

याचा फटका पुढे अशा ठिकाणी बसला जेथे कोणी अपेक्षा केली नव्हती. जमिनीत. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, १९५७ ला कुळे मालक झाली. मी येथे स्पष्ट सांगते, हा कायदा न्याय्य होता. पिढ्यान्‌पिढ्या चिखलात उभे राहून ज्यांनी भात लावले त्यांना जमीन मिळाली. त्यांत कुणबी होते तसे गरीब मुसलमान कूळही होते. आपल्याकडचे खोत-घराण्यांचे गळे काढणारे लेख मला पटत नाहीत. पण खलाशाची दोन-चार गुंठे जमीन ही खोताची जमीन नव्हती. घरात नांगर धरायला पुरुष नाही, म्हणून ती कोणाला तरी अर्धेलीने दिलेली. कायद्याने विधवेच्या जमिनीला सवलत दिली होती. ती विधवा असेपर्यंत कुळाचा खरेदीचा हक्क पुढे ढकलला जायचा. पण विधवा कोणती? जिचा नवरा मेला ती. जिच्या नवऱ्याची गायबाना नमाजही झालेली नाही, सात-बारावर अजून त्याचेच नाव आहे, ती तलाठ्याच्या वहीत कोण? तिने विधवा म्हणवून घ्यायचे नाकारले, म्हणून विधवेचा हक्कही तिला सांगता आला नाही. एका वहीत एवढेच वाक्य आहे: 'दादी म्हणते, आमचा मळा तिच्या आईच्या हट्टापायी गेला.' मला तो हट्ट वाटत नाही.

जमीन उरली त्यांनी ती स्वतः कसली. आपल्या बायका पडद्यात होत्या असे म्हणणाऱ्यांनी आषाढात लावणीच्या वेळी कोकणात यावे. कासोटा घातलेली कुणबीण आणि डोक्याला ओढणी बांधलेली मुसलमानीण एकाच वाफ्यात वाकलेल्या दिसायच्या. राब भाजणे, दाढ टाकणे, भात झोडणे, खाडीतल्या तिसऱ्या-कालवे काढणे, हे सगळे त्यांनीच केले. मनीऑर्डर यायची, पण कधी? खलाशाच्या हाती मोठी रक्कम पडायची ती करार संपून उतरल्यावर. तोपर्यंत वाण्याची उधारी, आणि मुलाच्या खतन्याला किंवा मुलीच्या निकाहाला गहाण पडलेल्या बांगड्या. हिशेब सगळा तोंडी. एका म्हाताऱ्या बाईने मला स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या कोळशाच्या रेघा दाखवल्या होत्या. चुना दिला तरी रेघा पुन्हा ओढायच्या, कारण उधारी पुसली जात नाही, असे ती म्हणाली होती.

लिहिण्याविषयी बोलायलाच हवे, कारण तो माझा विषय आहे. या बायका निरक्षर होत्या असे जनगणना सांगते. ते निम्मे खरे आहे. मक्तबमध्ये त्यांनी कुराण पढले होते. त्या लिपीची ओळख होती, म्हणून नवऱ्याचे उर्दू खत त्या बोट ठेवून, अक्षर जुळवत वाचायच्या. लिहायला मात्र त्यांना शिकवलेच नाही. लिहिता आले तर मुलगी कोणाला चिठ्ठी लिहील, ही भीती. म्हणजे आलेले खत ती वाचू शकत होती आणि उत्तर देऊ शकत नव्हती. उत्तर लिहायला शेजारचा शाळकरी पोरगा बोलवायचा. त्याच्या देखत काय सांगणार? 'इकडे सर्व खैरियत आहे. तुमची खैरियत अल्लाहकडून नेक चाहते. म्हैस व्याली.' पुढे जे सांगायचे होते ते मनातच राहिले. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, जहाजे सुटली, मुले 'दुबई'ला गेली. कुवेत असो, कतार असो, आपल्याला सगळे दुबईच. तेव्हा खतांच्या जागी कॅसेट आल्या. टेपरेकॉर्डरसमोर बसून आवाज भरायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवायचा. त्या काळच्या बायका सांगतात, पहिल्यांदा मशीनसमोर बसवले तेव्हा एक शब्द फुटला नाही. इतकी वर्षे दुसऱ्याच्या लेखणीतून बोलायची सवय झाली होती.

ही खते, कंपनीचे कागद, खलाशाचे डिस्चार्जचे पुस्तक, सगळे माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत असायचे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने आमच्या दापोली-मंडणगडची कौले आणि पत्रे उडवले आणि पुढे कित्येक दिवस घरांत पाऊस पडत होता. आधी तांदूळ वाचवले, मग कपडे. पेट्या शेवटी उघडल्या तेव्हा कागदांचा लगदा झाला होता. त्याच वर्षी आणि पुढच्या वर्षी करोनाने म्हातारी माणसे नेली. ज्यांना ती खते वाचून दाखवली गेली होती ते कानही गेले.

मग शोधायचे कोठे? सात-बारावर बायकांची नावे नाहीत. असतील तर बहिणींनी हक्कसोड दिल्यावर कमी केलेली. कबरस्तानात बहुतेक कबरींवर पाटी नाही. जमातीच्या वर्गणीच्या वहीत 'अमक्याची बेवा' असे असते, नाव नसते. मुलांनी आणलेल्या वह्यांतही मी पाहिले तर निम्म्याहून जास्त मुलांनी 'दादी', 'नानी', 'मोठी अम्मा' एवढेच लिहिले होते. मी वह्या परत दिल्या, नावे विचारून आणा म्हटले. तीन घरांत पणजीचे नाव कोणालाच माहीत नव्हते.

एका कागदावर मात्र ती सगळ्यांची होती. काझींच्या निकाहाच्या रजिस्टरात. निकाह बाईच्या नावाशिवाय होऊच शकत नाही. तिचे नाव, तिच्या बापाचे नाव, वली कोण, साक्षीदार कोण, महर किती, रोख किती आणि बाकी किती, आणि हिजरी तारीख. आमच्या पंचक्रोशीतली जुनी रजिस्टरे काझी घराण्याच्या एका वारसाकडे कपाटात आहेत. त्यांनी ती मला पाहू दिली. सगळी शिकस्त उर्दूत, घाईच्या हाताने लिहिलेली. घरातल्या तरुणांना ती वाचता येत नाहीत. ते मराठी आणि इंग्रजी माध्यमांत शिकले. वाळवीने कडा खाल्ल्या आहेत, पण मधला मजकूर शाबूत आहे.

ज्या तीन पणज्यांची नावे हरवली होती त्यांतल्या दोघींची तेथे सापडली. एकीच्या महरपुढे 'बाकी' लिहिलेले आहे, आणि ते पुढे कधी फेडल्याची नोंद नाही. नवरा खलाशी होता. तिसरीचा निकाह दुसऱ्या गावात झाला असावा. त्या गावचे रजिस्टर कोणाकडे आहे, ते मी सध्या विचारते आहे. रविवारी दोन तास बसते. आतापर्यंत एक रजिस्टर उतरवून झाले, दुसऱ्याची अकरा पाने झाली आहेत.